पाचर

शिवगोंडाकाकांच्या प्रेसला दोन हिरवी बटणं होती,
एकमेकांपासून हातभर लांब.
दोन्ही एकदम दाबल्याशिवाय घण खाली यायचा नाही,
म्हणजे हात कुठं आहेत ते यंत्राला कळायचं.
काकांनी एका बटणात बाभळीची पाचर ठोकली.
पगार नगावर होता.
उजव्या हाताची दोन बोटं त्या वर्षीच्या मार्चात गेली.
"बटण चांगलं हुतं गं," ते अजून सांगतात,
"माझंच चुकलं."

त्याच उद्यमनगरात, एका लेथच्या वरच्या खोलीत
मी कर्नलचा कोड लिहिते.
लोखंडाचा कीस जिन्यापर्यंत येतो, चपलेत रुततो.

चिपवाल्यांनी यंदा नवी सोय दिली आहे.
प्रोग्राम कुणाच्या हाकेला गेला
की परतीचा पत्ता दोन वह्यांत टिपला जातो :
एक नेहमीची, जिच्यात कुणीही खाडाखोड करावी,
आणि एक आतली, जिची शाई फक्त चिपकडं.
परतताना पत्ते जुळले नाहीत
तर प्रोग्राम तिथंच आडवा.

इथवर चिपचं काम.
पाचरीचं काम माझ्याकडं आलंय.
ही सोय चालू कुणी करायची, बंद कुणी?
प्रोग्रामनंच म्हणावं, तर आत शिरलेला चोर
त्याच्याच हातानं पहिलं ते बटण दाबेल.
आणि प्रोग्रामच्या पोटी प्रोग्राम जन्मला
तर त्याला ती वारशानं मिळावी की मागून घ्यावी?

मी कडक ओळ लिहिली :
सगळ्यांना चालू. बंद करणे नाही.
त्या रात्री झोप चांगली लागली.

सकाळी मार्केट यार्डातून सन्मती मगदूमचा फोन.
चाचणीसाठी एक मशीन मी त्याच्या अडतीत ठेवलं होतं.
"सौदा झाला, रवे मोजून झाले, पट्टी निघंना.
गाडीवाले दारात बसून हैत."

पट्टीचा प्रोग्राम बावीस वर्षांचा.
लिहिणारे परीट सर वारले, मूळ कोड कुणाकडंच नाही.
कुठं काही अडलं की तो
आल्या दारानं परत जात नाही,
परड्यातून उडी मारून थेट अंगणात येतो.
घरचाच माणूस, सवय तेवढी जुनी.
माझ्या पहारेकऱ्याला
दरोडेखोर आणि तो सारखेच दिसले.

संध्याकाळी काका भेटले, चहाच्या गाड्यावर.
मी विचारलं, पाचर मारली तेव्हा मशीन चालू होतं?
"चालूच की. बंद करायचं तर किल्ली फोरमनकडं."
मग बशी फुंकत म्हणाले,
"बंद मशीनला काय बी कर.
चालू मशीनला हात लावू देऊ नगंस, कुणालाच."

रात्री ओळ खोडली.
आता निर्णय जन्माआधी होतो.
जो प्रोग्रामला उठवतो, त्यानंच सांगायचं
पहारा हवा की नको,
आणि पहिलं पाऊल पडायच्या आत कुलूप.
आतून किल्ली फिरत नाही,
मालक असो, चोर असो, परीट सरांचं भूत असो.
पट्टीच्या प्रोग्रामला नावानिशी सूट,
आणि रोज पहाटे नोंदवहीत एक ओळ :
हा पहाऱ्याविना चालला आहे.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, जमेल तसं.
सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं,
"आणि किल्ली? फोरमनकडंच?"
म्हटलं, ज्याचं मशीन त्याच्याकडं.
ते हसले. तीन बोटांनी बशी उचलली.
"आमचा फोरमनच म्हणालता,
मार पाचर म्हणून."

पॅच पाठवायचा राहिलाय.
शेवटी एक प्रश्न लिहून ठेवलाय, त्याच्यापुढं मोकळी जागा.
पलीकडच्या शेडमध्ये कुणाचातरी घण पडतोय
आणि मी मोजत बसलेय,
दोन आवाजांच्या मध्ये
हात काढायला किती वेळ मिळतो.